सोळा वेळा 'मिठागराचा फोटो'

पेणला घरी बसून मी ई-पुस्तकं तयार करते. नव्या मानकांप्रमाणे प्रत्येक फोटोला शब्दांत वर्णन जोडावं लागतं. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन ते वाचून दाखवतो. मिठागरांवरच्या एका पुस्तकात सोळा फोटो होते. मी सगळीकडे 'मिठागराचा फोटो' एवढंच चिकटवलं. तपासणीच्या सॉफ्टवेअरने निकाल दिला: शून्य चुका.

रोह्याच्या मामाचं आयुष्य मिठागरात गेलं. आता त्याला दिसत नाही, म्हणून कौतुकाने त्यालाच पुस्तक पाठवलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. "सोळा वेळा तेच ऐकवतेस गो? पाणी भरलंय का मीठ धरलंय, काय कळायचं मला?"

मला माझाच राग आला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन रोहा गाठलं. मी फोटो सांगायचा, त्याने खोदून विचारायचं, मग मी लिहायचं. एका फोटोत बाई टाचा उचलून उभी होती.

"मीठ टोचतंय तिला," मामा म्हणाला. "म्हणजे तयार झालंय. ते लिव."

पुस्तक पुन्हा तपासलं. निकाल तोच आला: शून्य चुका. तेव्हापासून मी सॉफ्टवेअरला शेवटी विचारते. आधी रोह्याला जाते.