एका नळीवरचे दोन फुगे

गॅरेजात सगळे त्याला उस्ताद म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं, आणि म्हणायचे ते काही उगाच नाही! अठ्ठावीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढलेली. गाडी फाटकातून आत येतानाच स्प्रिंगचा कुठला पाटा बसलाय ते सांगायचा. हात सोन्याचा, जीभ मात्र तिखट. त्यातून पोटची पोर चार शब्द सांगायला आली, की मग तर बघायलाच नको.

लेक घोड्यांची ने-आण करायची. जीपच्या मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये दोन घोडे. घोडे चढले की जीपचं मागचं अंग दबायचं, पुढची चाकं हलकी व्हायची आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागायचा. म्हणून काल त्याने जीपच्या मागच्या चाकांपाशी, दोन्ही बाजूंना, हवेचे जाड रबरी फुगे बसवून दिले. त्यांत हवा भरली की बसलेली गाडी उठते.

"बाबा, दोन्ही फुग्यांना वेगवेगळी नळी द्या ना," लेक म्हणाली होती. "सोबतच्या कागदावर तसंच लिहिलंय."

"कागद लिहिणाऱ्याने कधी पाना धरलाय का हातात? एका नळीने जोडले की दोन्हीकडे हवा सारखी राहते. पन्नास गाड्यांना केलंय मी. तू तुझे घोडे सांभाळ."

बापापुढे गप्प बसायचं हे ती लहानपणीच शिकली होती. आज सकाळी आठ वाजता घोडे चढवून ती निघाली.

साडेआठला लाँड्रीवाला आला. त्याच्या व्हॅनलाही उस्तादने गेल्या महिन्यात फुगे बसवले होते, तसेच, एका नळीवर.

"उस्ताद, वळणावर गाडी दारू प्यायल्यासारखी करते हो. चादरींची चळत पार आडवी होते."

"तुलाच चालवता येत नसेल, सरक तिकडे," म्हणत उस्ताद स्वतः स्टिअरिंगवर बसला.

चौकातल्या गोल वळणावर त्याने व्हॅन जरा जोरात घातली. व्हॅन बाहेरच्या अंगाला कलली आणि कलतच गेली. दबलेल्या फुग्यातली हवा त्या एकाच नळीतून पलीकडच्या मोकळ्या फुग्यात पळत होती. जिथे आधार हवा, नेमका तिथलाच आधार निघून जात होता! आजवरच्या त्याच्या गाड्या पोती वाहणाऱ्या, सपाट रस्त्याने सरळ जाणाऱ्या. घोडा म्हणजे काही पोतं नव्हे. वळणावर तो तोल सावरायला पाय टाकतो आणि अख्खा ट्रेलर ढकलतो. आणि लेकीच्या वाटेवर घाट होता, नऊ वळणांचा उतार, एका बाजूला दरी.

त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. उचलणार तरी कशी? चालवताना फोनला हात लावलास तर हात मोडीन, असा दम त्यानेच भरला होता.

गॅरेजपाशी कचकन ब्रेक मारून त्याने हत्यारांची पिशवी, पंप आणि दोन व्हॉल्व्ह उचलून आत फेकले.

"कुठे निघालो आपण?" लाँड्रीवाल्याने विचारलं.

"घाटात. लेक आहे माझी तिकडे."

"अहो, पण मला दहाला हॉटेलात चादरी..."

"खड्ड्यात गेल्या तुझ्या चादरी!"

लाँड्रीवाला दाराची कडी घट्ट धरून बसला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "वळणावर जरा बेताने हं उस्ताद. ही गाडीसुद्धा तुम्हीच केलीय." एरवी उस्तादने त्याला फाडून खाल्लं असतं. आज त्याने मुकाट्याने वेग कमी केला. घोडे असले की लेक चाळिसाच्या वर जात नाही, घाटाआधी थांबून त्यांना पाणी पाजते. त्या हिशोबावर जीव टांगून तो चालवत होता. दर दोन मिनिटांनी लाँड्रीवाला उस्तादच्या फोनवरून तिला फोन लावायचा आणि नाही म्हणून मान हलवायचा.

घाटाच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागली होती. एक ट्रकवाला खाली उतरून विडी ओढत उभा होता.

"काय झालंय पुढे?"

"घोड्यांची गाडी आहे म्हणे कुणाची तरी."

उस्ताद व्हॅन तशीच टाकून पळत सुटला. गुडघे दुखायचे त्याचे, पण आत्ता कुणाला गुडघ्यांची शुद्ध होती! पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर, डोंगराच्या अंगाला, जीप उभी होती. चाकांना दगड लावलेले. ट्रेलरमध्ये घोडे खूर आपटत होते. आणि जीपखालून लेकीचे दोन पाय बाहेर आलेले.

"अगं ए!" तो ओरडला.

पाय हलले. तोंडाला ग्रीस फासलेली लेक सरपटत बाहेर आली.

"पहिल्याच वळणाला कळलं," ती म्हणाली. "हवा इकडची तिकडे जाते. नळी दुमडून पकडीने आवळून टाकलीय. हळूहळू उतरेन आता."

त्याने तिचे दोन्ही दंड धरले, मग सोडले. "अगं, मग फोन तरी करायचास! थांबली होतीस ना? किती फोन केले मी!"

"अकरा. बघितले मी," लेक म्हणाली. "म्हटलं, मी काय मोडून ठेवलं ते विचारायला करत असाल. उताराची भीती वाटत होती, बाबा. पण तुमच्या फोनची जास्त वाटली."

मागून हत्यारांची पिशवी, पंप आणि व्हॉल्व्ह घेऊन धापा टाकत आलेला लाँड्रीवाला आणि ट्रकवाले बघत उभे होते. उस्तादच्या डोळ्यांना धार लागली, आणि त्याने ती पुसली नाही.

"चुकलं माझं," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "नळ्या वेगळ्याच हव्या होत्या. तू सांगत होतीस."

तो जीपखाली शिरला, नळी कापली, दोन्ही टोकांना वेगळे व्हॉल्व्ह बसवले आणि पंप लावला.

"डावीकडे किती भरू गं?" त्याने खालून विचारलं.

लेकीने मागे वळून ट्रेलरकडे बघितलं.

"उजवीपेक्षा थोडी जास्त," लेक म्हणाली. "मोठा घोडा डावीकडे आहे."

तो पंप मारत राहिला. ती "बस" म्हणाली तेव्हाच थांबला.