वास गेला ते वर्ष

संक्रांतीनंतर गड्ड्याच्या मैदानावरची जत्रा बघून आलो आणि दुसऱ्याच दिवशी बायकोला ताप भरला. ताप चार दिवसांत उतरला, सर्दी मात्र तीन आठवडे रेंगाळली. आमच्या वयाला सर्दी ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. मी सत्तरी ओलांडलेला, ती चार वर्षांनी लहान. गुडघ्याचं मलम, रक्तदाबाच्या गोळ्या आणि वाफ घ्यायचं भांडं आमच्या घरात कायम बाहेरच असतं. ती उठून कामाला लागली तेव्हा आजारपण संपलं, असं दोघांनीही धरलं.

मी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात रंगमास्तर होतो. सूत रंगवायचं आणि रंगाची छटा गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी जुळवायची, हे माझं काम. ती शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावर बाजारहाट माझ्याकडे आला आणि स्वयंपाकघर तिच्याकडेच राहिलं. मी तिथं पाणी प्यायला जायचो तेवढाच.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. दूध करपल्याचा वास आला. ती आत आहे, बघेल, म्हणून मी उठलो नाही. वास वाढत गेला तेव्हा आत गेलो. ती ओट्याशी गवार निवडत उभी होती आणि हातभर अंतरावर पातेल्याच्या कडेनं धूर निघायला लागला होता.

"अगं, दूध."

तिनं वळून पाहिलं, गॅस बंद केला. "लक्षच नव्हतं," म्हणाली.

पुढच्या महिन्यात अशा बऱ्याच गोष्टी झाल्या. खोबऱ्याची चटणी एवढी खवट लागली की मी घास पाण्याबरोबर गिळला. ती मात्र शांतपणे भाकरीशी तीच चटणी खात होती. मग बैठकीतल्या दिवाणामागं उंदीर मरून पडला. मी चार दिवस आळंदीला गेलो होतो. परत येऊन दार उघडताच मी नाकाला रुमाल लावला. ती त्याच दिवाणावर बसून पायाला तेल लावत होती. पूर्वी शेजारच्या गल्लीत कोणी काय तळतंय हे सांगणारी बाई. मी उंदीर काढून फेकला, फरशी धुतली. ती म्हणाली, "मला वाटलं गटाराचा असेल."

मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. कारखान्यातल्या माझ्या एका जुन्या सोबत्याला विसरण्याचा आजार झाला होता. त्याची सुरुवात अशीच झाली होती, गॅसवर काहीतरी ठेवून विसरायचं. शेवटी शेवटी तो स्वतःच्या मुलाला मुकादम समजून हजेरी द्यायचा. ते माझ्या डोक्यात बसलं. मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. चहा पिता पिता सहज विचारल्यासारखं विचारायचो, आज वार कोणता गं? मागच्या खेपेला पाणी कधी आलं होतं? आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे हा प्रश्न विचारायला बरा होता. ती सगळं बरोबर सांगायची. एक दिवस तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "परीक्षा घ्यायलाय का माझी?"

मी नाही म्हणालो. पण त्या संध्याकाळी गच्चीवर जाऊन पुण्याला लेकीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई फोनवर तर नीट बोलते की. मी सुट्टीत येते, मग बघू."

मे महिन्यात लेक आली, बरोबर सहा वर्षांची नात. ऊन असं की दुपारी अकरानंतर कोणी उंबरा ओलांडत नव्हतं. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर लेकीनं मोबाइल काढला. त्यात स्मरणशक्ती तपासायचे प्रश्न होते. आईला तिनं पाच वस्तूंची नावं सांगून लक्षात ठेवायला लावली. मग म्हणाली, "आई, शंभरातून सात वजा कर. मग त्यातून परत सात. करत जा."

बायकोनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग वर्गात पाढा म्हणावा तशा आवाजात सुरू केलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. कुठं थांबली नाही, थेट दोनपर्यंत आली. मग त्या पाच वस्तू सांगितल्या, आधी सरळ आणि नंतर उलट. "झालं?" म्हणाली आणि उठून आत गेली. लेकीनं मोबाइल बंद केला. मला मान वर करवली नाही. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला न विचारता तिच्याबद्दल काही ठरवलं, असं क्वचितच झालं असेल. त्या दिवशी ते लेकीसमोर झालं होतं.

दोन दिवसांनी पाणी आलं. पाण्याच्या दिवशी घरात पळापळ असते. मी गच्चीवर टाकी धूत होतो, लेक खाली मोटर सांभाळत होती. बायकोनं कुकरची शिटी बिघडली म्हणून साध्या पातेल्यात डाळ शिजायला ठेवली होती आणि ती मोरीत हंडे भरत होती. नात ओट्याजवळ फरशीवर चित्र काढत बसली होती. डाळ उतू गेली आणि तिच्या पाण्यानं जाळ विझला. गॅस सुरूच राहिला.

मी जिना उतरत होतो तेव्हा शेजारची भाभी आमच्या दारातून आत धावताना दिसली. तिचं नि आमचं स्वयंपाकघर समोरासमोर आहे. एरवी ती आमच्याशी चांगलं मराठी बोलते, पण त्या वेळी तिच्या तोंडून तिची घरची भाषाच आली. "गॅस बंद करो पहले. खिडकी खोलो. लाइट के बटन को हात नक्को लगाव." तिनंच शेगडीची कळ फिरवली, तिनंच नातीला दंडाला धरून बाहेर आणलं. बायको ओल्या हातांनी मोरीच्या दारात उभी होती. काय झालंय हे तिला आमच्या चेहऱ्यांवरून कळत होतं.

सगळे अंगणात बसलो. नात म्हणाली, "मी आजीला सांगितलं होतं वास येतोय म्हणून. आजी म्हणाली, काही नाही, चित्र काढ."

लेकीचा आवाज चढला. "आई, तुला एवढा वास आला नाही?"

बायको बराच वेळ पदरानं हात पुसत राहिली. मग म्हणाली, "नाही आला. संक्रांतीपासून मला कसलाच वास येत नाही."

भाभी पाणी आणायला उठली.

नंतर आम्ही दोघंच होतो तेव्हा मी विचारलं, इतके दिवस का सांगितलं नाहीस?

"आधी वाटलं सर्दीचं आहे, जाईल. मग तुम्ही वार विचारायला लागलात. मला कळलं तुमच्या मनात काय आहे ते. त्यात हे सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी मिळून मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नसतं." मग म्हणाली, "जेवणाचं एवढं नाही हो. खारट, तिखट कळतं. पण ही पोरगी आली, कुशीत झोपते, आणि तिच्या डोक्याला नाक लावलं तर काहीच नाही. कोणाचंही मूल असावं तसं."

मी वार विचारल्याबद्दल माफी मागितली. "असू द्या," ती म्हणाली, पण तिला ते लागलं होतं हे मला माहीत आहे.

लेक पुण्याला जाण्याआधी आईला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. त्यांनी सांगितलं, त्या सर्दीत वासाच्या नसेला इजा झाली आहे. काहींचा वास परत येतो, काहींचा अर्धामुर्धा, काहींचा येत नाही. औषधापेक्षा सरावाचा उपयोग. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी, रोज दोन वेळा एकेक हुंगायचं आणि तो वास कसा होता ते मनात आठवायचं. गुलाबाच्या अत्तराची बारकी कुपी भाभीनं आणून दिली. लेकीनं गॅस गळला की शिट्टी वाजवणारं यंत्र भिंतीवर बसवून दिलं. आणि मला सांगून गेली, "बाबा, आई गॅसजवळ असेल तेव्हा तुम्ही घरात कुठंही असा, पण नाक आत ठेवा."

असा मी स्वयंपाकघरात शिरलो. ती फोडणी टाकायची आणि म्हणायची, "वास बघा जरा."

"चांगला येतोय."

"चांगला म्हणजे काय? लसूण कच्चा आहे की झालाय?"

मला सांगता यायचं नाही. रंगाच्या बाबतीत मी एका निळ्याचे वीस निळे सांगू शकत होतो, पण वासाला माझ्याकडं दोनच शब्द होते, चांगला आणि घाण. रसायनांच्या वाफेत आयुष्य गेल्यामुळं माझंही नाक मेलंय, असं मी कौतुकानं सांगत आलो होतो. खरं म्हणजे मी ते कधी वापरलंच नव्हतं. दोनदा माझ्या सांगण्यावरून मोहरी जळाली. ती चिडली नाही. मीच चिडलो आणि बाहेर जाऊन बसलो, तर ती मागं आली आणि म्हणाली, "विद्यार्थी वर्ग सोडून गेला तर कसं चालायचं?"

ऑगस्टमध्ये नवीनच सुरू झालं. तिला वास यायला लागला, पण उलटा. कांदा परतायला लागला की कुजक्याचा वास, चहा उकळला की जळक्या रबराचा. तिचं जेवण तुटलं. दही-भात तेवढा जायचा. ब्लाउज ढिले झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे चांगलं लक्षण आहे, नस जुळायला लागली की आधी असंच होतं. चांगलं लक्षण इतकं वाईट असू शकतं यावर आमचा विश्वास बसेना.

त्याच सुमारास गौरींसाठी करमाळ्याहून तिची थोरली बहीण आली. आम्ही तिला आक्का म्हणतो. सगळं ऐकून घेतल्यावर आक्का म्हणाली, "मग रांधतीस कशाला गं? म्या हाय की. तू बस निवांत." आणि कमरेला पदर खोचून तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. बायको दोन दिवस बाहेरच्या खोलीत बसली. फुलं निवडली, वाती वळल्या, पोथीची पानं उलटली. मी एकदोनदा विचारलं, बरं वाटतंय ना? ती नुसती मान हलवायची.

गौरी जेवायच्या दिवशी पुरण झालं होतं आणि आक्का कटाच्या आमटीच्या तयारीला लागली होती. बायको उठून आत गेली. "आक्का, आमटी मी करणार."

"आगं पन तुला वास..."

"ह्यांना येतो की. अहो, इकडं या."

आक्का हसली. "पावणं, तुमी? सोयपाकघरात?" पण ती बाजूला सरकून बसली.

बायकोनं कढईत खोबरं घातलं. मी शेजारी उभा राहून म्हणालो, "कडेला तांबूस झालंय."

"रंग मला दिसतोय. वास सांगा."

मी डोळे मिटले. मग म्हणालो, "आपण बेकरीवरनं जातो ना सकाळी, भट्टी उघडतात तेव्हाचा. तसा आहे."

"मग झालं," म्हणून तिनं कढई उतरवली. मसाला वाटताना तिनं लवंगा घातल्या. मग हातात उरलेल्या लवंगा नाकाजवळ नेल्या, थांबली, आणि त्यातल्या आणखी चार टाकल्या.

जेवताना आक्कानं पहिला भुरका घेतला. "आमटी चांगली झालीया. पन लवंग लई झाली बग."

"हो," बायको म्हणाली. "मला तिचा वास आला म्हणून टाकली."

आक्काचा हात पानातच थांबला. मग तिनं वाटी पुढं केली आणि आणखी आमटी मागितली. संध्याकाळपर्यंत ती दोन तांबे पाणी प्यायली, पण आमटीविषयी तिनं पुन्हा शब्द काढला नाही.

त्यानंतर हळूहळू थोडं थोडं येत गेलं. निलगिरी दसऱ्याच्या आसपास कळायला लागली. लिंबू कधी कळतं, कधी नाही. गुलाब अजून आला नाही. कांदा अजून तिला सहन होत नाही, तेव्हा तो मी परततो आणि ती तेवढा वेळ अंगणात उभी राहते. दिवाळीला लेक-जावई आणि नात आली. अभ्यंगस्नानानंतर नात टॉवेल गुंडाळून आजीच्या मांडीत येऊन बसली. बायको तिच्या ओल्या डोक्याला गाल लावून कितीतरी वेळ बसली होती. काही आलं का, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

आता थंडी पडली आहे. परवा ती वांग्याच्या भाजीसाठी शेंगदाणे भाजत होती. मी नेहमीसारखा जाऊन उभा राहिलो. "अजून जरा कच्चे आहेत," मी म्हणालो.

तिनं कढईवर वाकून श्वास घेतला. "आता जावा तुम्ही बाहेर. हे मी बघते."

"नक्की?"

"नक्की काय? चुकले तर परत भाजीन की."

टेबलावर पेपर तसाच घडीत होता. मी बाहेर गेलो नाही. कोथिंबिरीची जुडी ओढून घेतली आणि तिथंच स्टुलावर निवडत बसलो. तिनं एकदा मागं वळून पाहिलं आणि देठं जरा आखूड तोडायला सांगितली.