आत्यावर बसलेला खर्च

आमच्या घरात आत्या असायची आणि नसायचीही. जेवताना भाजी मागितली की ती मीठ पुढे करायची. सगळे हसले की तीही हसायची, पण जरा उशिरा. आई म्हणायची, "वन्सं, परत या!" 'ढगातली आत्या' हे नाव मात्र मी ठेवलेलं.

एका हॉटेलच्या धुलाईघरात ती चादरींना इस्त्री करायची. वाफ उठली की त्या पांढऱ्या धुक्यात तिला कुठलंसं गाव दिसायचं. तिथल्या गल्ल्यांतून ती फिरून यायची, आणि हात इकडे आपले आपण कडा जुळवत राहायचे. तिच्या हातून एक चादर कधी जळाली नाही.

तरी तिला काढलं. सुपरवायझरने लिहिलं, 'कामावर हजर असून नसल्यासारखी.' कामगार न्यायालयाने तिला परत घ्यायला सांगितलं. आम्ही हुश्श करतोय तोवर कंपनी वरच्या कोर्टात गेली. सुपरवायझरची साक्ष न ऐकताच निकाल दिला, तो रद्द करा, असं कंपनीचं म्हणणं.

आमच्या वकीलबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. "हे भांडण कंपनीचं आणि खालच्या कोर्टाचं. खालचं कोर्ट आपल्या निकालाची बाजू मांडायला येत नाही. निकाल दिला की ते मोकळं. पण आत्या, तुम्ही विरोध केलात आणि हरलात, तर कंपनीचा कोर्टखर्च तुमच्यावर बसू शकतो. गप्प राहिलात तर नाही. आणि खरं सांगू? साक्ष ऐकायलाच हवी होती. आपण बहुतेक हरणार."

"मग गप्प बसायचं," मी बजावलं. आत्याची साठवण ती केवढीशी! त्यातून तिला पूर्वेला खिडकी असलेली एक खोली भाड्याने घ्यायची होती. आमच्याकडे तिच्या वाट्याला आलेल्या कोपऱ्यात नुसत्या भिंती.

कोर्टाचं दालन उंच होतं. वरच्या झरोक्यातून ऊन तिरकं उतरत होतं आणि त्यात धूळ सावकाश तरंगत होती. कंपनीचा वकील संथ आवाजात कलमं वाचत होता. माझेही डोळे जडावले. आत्या त्याच्या कोटावरची चुकीची घडी बघून गालात हसत होती. मला असा राग आला! इथे खोली जायची वेळ आलीय आणि ही बाई घड्या बघतेय!

खालच्या कोर्टासाठी ठेवलेली खुर्ची रिकामीच होती. इतका वेळ झाला तरी आत्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "विरोध करायला कुणी आहे?"

मी तिचं मनगट धरलं. ती उठली होती.

"मी आहे."

"आपण कोण?"

"जिला काढलं ती. निकाल राहू द्या, साहेब. ते म्हणतात, मी तिथे नव्हते. मग चादरींना इस्त्री कुणी केली?"

दालनात कुणीतरी खुदकन हसलं. न्यायमूर्ती हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं.

निकाल रद्द झाला. प्रकरण नव्याने ऐकायला खाली पाठवलं. कंपनीच्या वकिलाने लगेच खर्च मागितला. न्यायमूर्ती थोडे घुटमळले आणि पूर्ण नाही, पण अर्धा खर्च त्यांनी आत्यावर बसवला. खिडकी गेली.

बाहेर पायऱ्यांवर मी भडकलो. "हात दाखवून अवलक्षण! सांगितलं होतं ना गप्प बस म्हणून?"

आत्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तिने वकीलबाईंना निकालातली खर्चाची ओळ पुन्हा म्हणायला लावली.

"हजर राहून विरोध करणाऱ्या प्रतिवादीने अर्धा खर्च द्यावा."

"प्रतिवादी म्हणजे मीच ना?"

"तुम्हीच."

"बघ," ती मला म्हणाली, "जी नव्हतीच, तिच्यावर खर्च कसा बसवतील? पुन्हा ऐकतील तेव्हा हेच सांगणार मी."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

त्या दिवशी जेवताना आत्या भिंतीकडे बघत बसली होती. आईने सवयीने हाक मारली, "वन्सं, परत या!"

"इथेच आहे गं," आत्या म्हणाली, आणि तिने आईपुढे मीठ सरकवलं.