भुजमध्ये पप्पांच्या रतिलालभाईंचा शोध

यंदा जानेवारीत पप्पांना कुठे फिरायला न्यावं म्हणून मी दोन पर्याय ठेवले होते, उदयपूर नाहीतर गोवा. पप्पांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “भुज.”

इंदौरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरात हे नाव फारसं निघत नसे. माझे आजोबा महूला फौजेत होते आणि पप्पा तिथल्याच छावणीत मेसचे आचारी. २००१ च्या भूकंपानंतर मदतीला एक तुकडी भुजला गेली, तिच्यासोबत पप्पाही गेले. महिनाभर त्यांनी तिथे लोकांसाठी स्वयंपाक केला. मी तेव्हा चौथीत होते. परत आल्यावर ते एवढंच म्हणाले होते, “वहां एक भी दीवार सीधी नहीं थी.” त्यापुढे कधी काही नाही.

“क्यूं पप्पा, भुजच का?”

“एका माणसाला सॉरी म्हणायचंय. रतिलालभाई, दर्जी होते.”

“पत्ता?”

“पत्ता असायला घर कुठे उरलं होतं?”

आईच्या शाळेला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही दोघंच निघालो. गाडी माझी, ड्रायव्हरही मीच. सकाळी सहाला इंदौर सोडलं आणि धारला पोहे-जलेबी खाल्ली. (पोह्यावर शेव आणि जीरावन मसाला इथेच भरपूर घेऊन घ्या भिया, पुढे कुणी विचारत नाही.) झाबुआ, दाहोद, गोध्रा करत दुपारी उशिरा अहमदाबाद. एका दिवसात भुज गाठायचा हट्ट करू नका. आम्ही शहराबाहेर वीरमगामच्या वाटेवर मुक्काम केला, बाराशेत स्वच्छ खोली मिळाली.

दुसऱ्या दिवशी हळवद मागे पडलं की जमीन सपाट होत जाते आणि मग दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे ढीग दिसायला लागतात. सूरजबारीच्या पुलावर पप्पा खिडकीला चिकटले. “तेव्हा हा पूल खचला होता. आमचे ट्रक एकेक करून सोडत होते.”

पूल ओलांडल्यावर चहाला थांबलो, तिथे ते पहिल्यांदा मोकळेपणी बोलले. खिचडीची लांब रांग होती. एक माणूस दुसऱ्यांदा ताट घेऊन आला. पप्पा सकाळपासून चुलीपाशी उभे होते, डोकं तापलेलं. सगळ्यांसमोर ओरडले, “एक बार मिला ना? शरम नहीं आती?” माणूस मुकाट्याने निघून गेला. संध्याकाळी कुणीतरी सांगितलं की दुसरं ताट त्याच्या शेजारणीसाठी होतं. म्हातारीचा पाय मोडला होता, तिला रांगेत येता येत नव्हतं.

“आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस आला, माझ्या शेजारी बसून बटाटे सोलायला लागला,” पप्पा म्हणाले. “महिनाभर रोज आला. मी रोज ठरवायचो, आज माफी मागू. मग एका सकाळी अचानक निघायचा हुकूम आला.”

मी चहाचे पैसे दिले आणि गाडी काढली. पुढे लागतं भचाऊ, भूकंपात पार कोसळलेलं. आता तर सगळंच नवं आहे. डोळ्यांना जुनं असं काही सापडत नाही.

भुजमध्ये हमीरसर तलावाजवळ उतरा, तिथून सगळं पायी होतं. पहिल्या सकाळी पप्पांची फार पंचाईत झाली. त्यांना शहर माहीत होतं ते ढिगाऱ्यांवरून, आणि ढिगारे तर गेलेले! जुन्या शहरात आता मोठे रस्ते, बुटकी नीटनेटकी घरं, दुकानांसमोर लावलेल्या स्कूटर. ते चौकात उभे राहून गोल फिरत होते आणि हसत होते. “अरे, इथे तर ट्रॅफिक जाम आहे! संघमित्रा, बघ ना, जाम!” जाम लागल्यावर इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

रिक्षावाल्याला विचारलं, रतिलाल नावाचे दर्जी ठाऊक आहेत का? त्याने गंभीरपणे विचारलं, “साहेब, दर्जी भूकंप से पहले का चाहिए या बाद का?”

प्रश्न बरोबर होता. भुजमध्ये सगळ्यांचं असंच आहे, पहिले आणि नंतर. कितीतरी कुटुंबं गावाबाहेर नव्या वसाहतींत गेली, त्यांना लोक अजून ‘रिलोकेशन’च म्हणतात. आम्ही तीन दर्जी पाहिले. एक फारच तरुण, एक रमणलाल निघाला, तिसऱ्याने बसवून छास पाजली आणि एका रिलोकेशनचा रस्ता सांगितला. तिथे रतिलालभाईंची सूनबाई म्हणाली, “बापूजी घरी कुठले? दुकानात. जुन्या भुजमध्येच.” म्हणजे जिथून निघालो तिथेच परत!

दुकान छोटंसं होतं. मशीनवर एक बारीक म्हातारा, गळ्यात टेप. पप्पा पायरीवरच थांबले. म्हाताऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. “पैंट या शर्ट?”

“रतिलालभाई, मैं... महू से. भूकंप में आया था.”

“फौजी?”

“फौजी नहीं. खिचडी.”

मग मशीन थांबलं. “गुड़ की चायवाला सुदाम!” रतिलालभाई उठले ते थेट मिठीतच. टेप दोघांच्या मध्ये अडकली.

पप्पांनी तिथेच, उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं. रांग, ताट, ओरडणं. रतिलालभाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “सुदामभाई, मने तो याद ही नहीं.”

“असं कसं? सगळ्यांसमोर...”

“उस महीने में कितने लोग चिल्लाए, कितने रोए, कौन याद रखे? मुझे तो ये याद है कि तुम चाय में गुड़ डालते थे और मोंघीबा के लिए खिचड़ी ढीली बनाते थे.”

मोंघीबा म्हणजे तीच शेजारीण. “पैर ठीक हो गया था. बाद में बारह साल जी. और रोज मुझसे झगड़ी!”

पप्पा हसता हसता रडायला लागले. मी दोघांना खुर्च्या दिल्या आणि समोरून दाबेली आणली. खाताना मी म्हटलं, रस्ता किती मोकळा आहे. रतिलालभाईंनी पायरीपुढची जागा दाखवली. “ये मेरी दुकान थी. आधी रस्ते में गई.” भूकंपाच्या वेळी गल्ल्या इतक्या चिंचोळ्या होत्या की लोकांना बाहेर पडता आलं नाही, मदतही आत येईना. म्हणून नवं शहर आखताना प्रत्येकाच्या जागेतून थोडी रस्त्याला घेतली. “बहुत झगड़े किए. मैंने सबसे ज्यादा. अब ग्राहक मेरी ही जमीन पर स्कूटर लगाता है और मुझसे ही भाव करता है!”

दुसऱ्या दिवशी ते आमच्यासोबत भुजिया डुंगरावरच्या स्मृतिवनात आले. आत तिकीट काढून बघायचं संग्रहालय आहे, हातात अर्धा दिवस ठेवा आणि पाणी घेऊन जा. डोंगरावर पाण्याचे छोटे बंधारे आहेत, त्यांच्या भिंतींवर भूकंपात गेलेल्यांची नावं. रतिलालभाईंनी मोठ्या भावाच्या नावावर हात ठेवला, पप्पांनी त्यांच्या खांद्यावर. भोवती लावलेली झाडं आता चांगली वाढलीत. वरून सगळं शहर दिसतं, आणि दोघांनी बोटं दाखवून दाखवून भांडण काढलं की चूल नेमकी कुठे होती. अजून निकाल लागलेला नाही. फोनवर चालू आहे.

मैत्रिणी विचारतात, भुजमध्ये बघण्यासारखं काय? प्राग महाल बघा, आयना महाल बघा, संध्याकाळी तलावावर बसा. पण कुठल्याही दुकानाच्या पायरीवरही दहा मिनिटं बसा आणि विचारा, हा रस्ता पूर्वी केवढा होता. मी या भूकंपाबद्दल शाळेत एक धडा वाचला होता. तो मला आता खूप छोटा वाटतो.

गेल्या रविवारी शेजारचे काका आले आणि सहज म्हणाले, “सुदामजी, भुज कसं काय होतं?” पप्पांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या दिवसापासून सुरू केलं. ट्रकमध्ये कोण कोण होतं, पहिली चूल कशी पेटेना, रात्री हादरा बसला की भांडी कशी वाजायची. यातलं बरंचसं मीही ऐकलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनीच बाहेर आली आणि दाराला टेकून ऐकत राहिली. त्या दिवशी आम्ही फार उशिरा जेवलो.