टोपीवाल्याला बेळगावला नेलं

मी निपाणी सोडली त्या सकाळी पुण्याची गाडी पाऊण तास उशिरा आली. हायवेच्या कडेला आम्ही चौघं उभे होतो. आई, आप्पा, आप्पांची थोरली बहीण म्हणजे आमची आक्का, आणि दोन बॅगा सांभाळत मी. आईनं बिनलसणाची शेंगाची चटणी इतकी बांधली होती की मी फ्रान्सला शिकायला चाललेय की चटणीची एजन्सी घ्यायला, असं कुणालाही वाटावं. दिवस मावळायच्या आत जेवत जा, हे तिनं पाच वेळा तरी सांगितलं. आक्का पदरानं डोळे पुसत होती. आप्पा मात्र रस्त्याकडं बघत उभे होते. गाडी आली, मी पायरीवर चढले, आणि मग ते साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरी, तिथं टोपीवाला भेटला तर आमचा नमस्कार सांग गं." गाडीतली माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी लाजून आत शिरले आणि हात हलवायचाही राहून गेला.

टोपीवाला कोण, हे निपाणीत राहिलेल्या आमच्या गल्लीला ठाऊक आहे. बाकीच्यांना, आणि माझ्यासारखं घर सोडून बाहेर पडलेल्यांना, सांगायला हवं. आप्पांची स्टँडजवळ सीडी भाड्यानं द्यायची लायब्ररी होती. बेळगावात तसलंच एक दुकान बंद झालं तेव्हा आप्पांनी तिथला माल पोत्यानं उचलून आणला. त्यात हिंदी सिनेमे निघाले, कन्नड निघाले, आणि तळाला वीस-पंचवीस फ्रेंच निघाले, सगळे चोर-पोलिसांचे. निपाणीत ते कोण नेणार? म्हणून ते घरी आले. पडद्याच्या खालच्या बाजूला इंग्रजी अक्षरं पळायची. आप्पा सातवीपर्यंत मराठी शाळेत गेलेले. त्यांचा एक शब्द लावून होईपर्यंत वर माणसंच बदललेली असायची. आईचं माहेर चिकोडीकडचं, कन्नड. आक्काला अक्षरओळख नव्हती. मग आप्पांनी आवाज पार बारीक केला आणि गोष्ट स्वतःच सांगायला लागले.

रविवारी दुपारची जेवणं झाली की खिडकीला चादर लावायची आणि बसायचं. आम्ही जैन, आमच्यात सूर्य असेतो जेवण उरकायचं असतं, म्हणून पाच वाजता आई उठणार हे ठरलेलं. तेवढ्यात टोपीवाल्याला काय करायचं ते करून घ्यावं लागे. त्या सिनेमांत तीच चार-पाच माणसं आलटून पालटून दिसायची. लांब कोटातला, कमी बोलणारा, तो टोपीवाला. पोट सुटलेला, सारखा टेबलाशी बसून जेवणारा, त्याला आप्पांनी आमदार करून टाकलं. चष्मा लावलेला आणि कधी न हसणारा, तो मास्तर. इथं फ्रान्सला आल्यावर मला त्या नटांची खरी नावं कळली. इथल्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे ती नावं ऐकून अजून चमकतात. पण ती लिहिली तर घरी कुणाला ओळख लागायची नाही, म्हणून लिहीत नाही.

आप्पांचा एक नियम होता. पोलीस कन्नड बोलणार आणि चोर मराठी. असं का, हे आम्ही कधी विचारलं नाही, आम्हाला ते उघडच वाटायचं. फौजदार दारात आला की आप्पा छाती पुढं काढून म्हणायचे, "येल्ली होंटी?" कुठं निघालास. आणि टोपीवाला सिगारेट विझवत सावकाश सांगायचा, "हितंच सायेब, जरा बाजारला." आप्पांचं कन्नड दुकानापुरतं. आई तांदूळ निवडता निवडता त्यात दुरुस्त्या करायची, आणि असं करता करता एक दिवस फौजदाराचं काम तिच्याकडंच आलं. मान वर न करता ती पोलिसांची वाक्यं बोलायची, अगदी जरबेनं. आम्ही हसून लोळायचो. घरातली खरी पोलीस तीच होती म्हणा.

टोपीवाला एका काळ्या बॅगेच्या मागं असायचा. सिनेमा कुठलाही असो, बॅग एकच. तीत काय आहे, असं आक्कानं विचारलं तेव्हा आप्पा क्षणभरही थांबले नाहीत. म्हणाले, जमिनीचे उतारे हायत, मराठीतले, कचेरीतनं देईनात म्हणून ह्यानं उचलून आणल्यात. निपाणी कर्नाटकात, म्हणून आमच्या भागात जमिनीचा कागद कन्नडमधून मिळतो आणि तो वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. आक्कानं ते सगळं भोगलं होतं. त्या दिवसापासून तिचा जीव टोपीवाल्यात अडकला.

पण या सिनेमांचा शेवट म्हणजे मरण. शेवटच्या पाच मिनिटांत गोळी लागायचीच, आणि ती टोपीवाल्यालाच. आमच्या घरात दिव्यावर येऊन किडे मरतील म्हणून दिवा लावायच्या आधी खिडकीची जाळी बघितली जायची. तिथं माणूस मेलेला आप्पांना कसा चालणार? टोपीवाला पायऱ्यांवर कोसळला की आप्पा सांगायचे, खांद्याला लागलंय, निपाणीच्या डाक्टरला न्हाय जमलं, बेळगावला न्हेलंय. पुढच्या रविवारी तो दुसऱ्या सिनेमात धडधाकट चालत यायचा. आक्का समाधानानं म्हणायची, "बेळगावचं औषध लागू पडलं बघ." चार-पाच वर्षं आम्ही अशीच काढली. आमच्या घरात टोपीवाला एकदाही मेला नाही.

मग मी निघाले, आणि फ्रान्समधल्या ल्यों गावात येऊन पडले. पहिलं वर्ष भाषेशी मारामारी करण्यात गेलं. दिवस मावळायच्या आत जेवायचं तर उन्हाळ्यात इथं साडेनऊ वाजेतो उजेड असतो आणि थंडीत पाचलाच अंधार पडतो. आईला मी दोन्हीकडून खोटं सांगत राहिले. शिक्षण संपलं, औषधांच्या कंपनीत नोकरी लागली, क्वालिटीच्या खात्यात. डब्यावरचा मजकूर आणि आतला कागद तपासायचा, शब्द इकडचा तिकडं झालेला पकडायचा. चुका काढण्याचा मला पगार मिळतो आणि हे काम मला फार चांगलं जमतं, हे मी तेव्हा अभिमानानं सांगत असे.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात सुट्टीवर आले. आप्पांची लायब्ररी तोवर बंद झाली होती, सिनेमे लोकांच्या मोबाइलवर आले होते. पण घरचं मशीन चालू होतं. रविवार होता. मी आलेय म्हणून काका, काकू, चुलतभावंडं, शेजारच्या दोघी, असं घर भरलं होतं. आप्पांनी चादर लावली, सीडी घातली, आणि खुर्चीवर सरसावून बसले. दोन वर्षांनी त्यांना हक्काचे ऐकणारे मिळाले होते. टोपीवाला स्टेशनवर उतरला. आप्पा म्हणाले, चाललाय बघा गडी, बॅग घ्यायला.

आणि मला ऐकू येत होतं. आवाज बारीक असला तरी आता मला प्रत्येक शब्द कळत होता. मी हसले. म्हटलं, "आप्पा, तो चोर न्हाय ओ, तोच पोलीस हाय." सगळे माझ्याकडं वळले. मला ते आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मी उठून आवाज मोठा केला आणि ओळीला ओळ सांगत गेले. टोपीवाला वेष बदललेला इन्स्पेक्टर होता. आमदार चोर होता आणि त्याचा दोस्त होता. बॅगेत हिरे होते. टोपीवाला त्याच दोस्ताला पकडून देतो, आणि शेवटी दोस्ताचा माणूस त्याला गोळी घालतो. पायऱ्यांवर तो पडला तेव्हा आप्पा हळूच म्हणाले, "बेळगावला न्हेत असतील."

मी म्हटलं, "न्हाय आप्पा, मेला. डॉक्टर सरळ म्हणतोय, मेला म्हणून."

आप्पांनी विचारलं, "मेला व्हय?" मग म्हणाले, "बरं झालं बाई, कळलं." काकांनी माझ्या फ्रेंचचं कौतुक केलं. आईनं तांदळाचं सूप उचललं आणि पाच वाजायच्या आधीच आत गेली. तिला त्या दिवशी एकही वाक्य बोलायला मिळालं नव्हतं. आक्का तिथंच बसून होती. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे इतकी वर्सं आपुन मेलेल्या माणसाचं बघत हुतो." तरी मला काही उमगलं नाही. मी चूक दुरुस्त केली होती, आणि चूक दुरुस्त केली की मला बरं वाटतं.

त्यानंतर आमच्या घरात सिनेमा लागला नाही. मी फोनवर विचारलं की मशीन बिघडलंय म्हणायचे, कधी डोळे दुखतात म्हणायचे. मला खरं कारण कळायला कितीतरी महिने लागले आणि ते कळलं इथल्या सरकारी कचेरीत. दर वर्षी परदेशी माणसांना राहण्याचं कार्ड नवं करायला तिथं उभं राहावं लागतं. माझ्या पुढं कुठल्याशा लांबच्या देशातला एक म्हातारा होता. काचेच्या आतली बाई त्याला भराभर काहीतरी विचारत होती, तो आपल्या भाषेत काहीतरी सांगत होता, आणि दोघांचं एकमेकांना काही पोचत नव्हतं. मला एकदम आईचा जरबेचा आवाज ऐकू आला. खिडकीच्या आत एक भाषा असते आणि बाहेर दुसरी, हे आप्पांना फ्रेंचचा एक शब्द न कळता कळलं होतं. शब्द मला कळत होते, गोष्ट त्यांना कळली होती. मी रांगेत उभी राहून रडले. काचेतल्या बाईला वाटलं माझे कागद अपुरे आहेत.

फोन करून माफी मागावी असं शंभरदा ठरवलं. पण बापाची माफी कशी मागतात ते आमच्याकडं कुणी शिकवलेलं नसतं. मी चटणी पोचली, तिकडं पाणी येतं का, असलंच बोलत राहिले. मग मागच्या वर्षी एका सकाळी आप्पांचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत ते म्हणाले, "आक्का मेली. डाक्टरनी तपासून सांगितलं." आमच्याकडं असं कुणी बोलत नाही. माणूस गेला म्हणतात. आणि आप्पा तर आधी म्हणाले असते की जरा बरं नाही, दवाखान्यात नेलंय, हळूहळू सांगू. त्यांनी मला सरळ, नेमकं, एकही शब्द इकडचा तिकडं न करता सांगितलं. मला असंच लागतं, असं मीच त्यांना दाखवून दिलं होतं.

तेराव्याच्या आत मला पोचता आलं नाही, रजेचं जमलं नाही. या वर्षी गेले तेव्हा ठरवूनच गेले होते. रविवारी जेवणं झाल्यावर खिडकीला चादर मीच लावली. कपाटातनं ती सीडी काढली, आवाज बंद केला, आणि आईलाही हाताला धरून आणून बसवलं. आप्पांना म्हटलं, तुम्ही सांगा, मला ऐकायचंय. ते नको नको म्हणत होते. तू असताना मी काय सांगू, म्हणाले. मी हट्टच धरला, लहानपणी धरायची तसा. शेवटी ते खुर्चीवर सरसावून बसले.

टोपीवाला स्टेशनवर उतरला. आप्पांनी घसा साफ केला आणि सांगायला लागले. ह्यो इन्स्पेक्टर हाय. वेष बदललाय. त्यो जाडा, त्यो चोर, ह्येचा दोस्त. बॅगेत हिरे हायत. मी मे महिन्यातल्या त्या एका दुपारी जे बोलले होते ते सगळं त्यांना पाठ होतं, ज्या क्रमानं मी सांगितलं त्याच क्रमानं. कुणाचा आवाज काढला नाही, छाती पुढं केली नाही. फौजदार दारात आला तेव्हा मी आईकडं बघितलं, पण ती हात मांडीवर ठेवून नुसती बघत होती. नंतर ती म्हणाली की कुणी पाहुणं आलं की आप्पा सिनेमा न लावताच हे असंच सांगतात, आमच्या पोरीनं फ्रेंचमधनं उलगडून दिलंय म्हणून मोठ्या कौतुकानं सांगतात. मला वाटत होतं ते रुसलेत. ते रुसले नव्हते. त्यांनी माझं खरं मानून आपलं टाकून दिलं होतं.

पायऱ्यांवर टोपीवाला पडला. मी मनातल्या मनात हात जोडले. आप्पा म्हणाले, "हितं मेला. डाक्टर सरळ सांगतोय." मग माझ्याकडं वळून, जरा भीतभीत, त्यांनी विचारलं, "चुकलं का गं कुठं?"

"न्हाय आप्पा," मी म्हटलं, "सगळं बरोबर हाय."

ते खूश झाले. आई स्वयंपाकाला उठली, आणि मी चादर काढून घडी घालत बसले.

घर कुठलं, असं इथं कुणी विचारलं तर मी निपाणीच सांगते, अजूनही तेच तोंडात येतं. पण मला ज्या घरी जायचं असतं तिथं आक्का भिंतीला टेकून बसलेली असते, आई कन्नडमध्ये दटावत असते, आणि कुणालाही मरू दिलं जात नाही. ते घर कुणी पाडलं नाही, विकलं नाही. एका दुपारी सगळ्यांसमोर मी ते दुरुस्त केलं.