भिजवलेलं सोयाबीन

वडील इकडे हिंदी मुलखात, खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. सकाळच्या पाळीला जाण्याआधी ते भिजवलेले चणे कच्चेच चावून खात, आणि त्यांचं पोट बिघडल्याचं मला आठवत नाही. त्या भरवशावर मी जवळच्याच पाटन गावच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून सोयाबीन आणलं आणि चण्यांसारखंच भिजवून घरात वाटायला लागलो. शिजवलं की दाणा मरतो, आंबवलं की शिळा होतो, असं कुठेतरी ऐकलं होतं. मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं.

मुलगी दुसऱ्याच दिवशी "पापा, मुझसे नहीं होगा" म्हणून सुटली. बायकोला मी सुटू दिलं नाही. तिला थायरॉईडची गोळी चालू होती. रोज सकाळी एका हातात गोळी, दुसऱ्या हातात वाटी घेऊन मी तिच्यासमोर उभा राहायचो.

काही दिवसांनी ती म्हणाली, "पोट फुगून राहिलं माझं. तांदळासंगं वाटून, आंबवून इडल्या करते ना याच्या. वाफवलं तर सोसंल."

"सगळं सत्त्व घालवून खायचं? मला कसं सोसते मग?"

"तुमचं पोट वेगळं असंल."

वेगळं नव्हतं. मलाही ते सोसत नव्हतं. माझी वाटी मी डब्यात भरून ऑफिसला निघायचो आणि वळणावरच्या गाईपुढे ओतायचो. हे करतानाही तिच्या वाटीत दाणे उरले तर मी तिला बोलायचो.

पुढे तिचे केस गळायला लागले, चेहरा सुजला, भरदुपारी ती आडवी व्हायची. "महाराणी उठल्या का?" असं मी मुलीसमोर विचारायचो. एकदा मुलगी हसली. नंतर नाही.

शेवटी मुलगीच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी मागून पोचलो. डॉक्टर म्हणाले, "कच्चं सोयाबीन पचत नाही, पोटाला त्रास होतो. नीट शिजवून खा. आंबवून, वाफवून इडली केली तर उत्तमच. पण गोळीसोबत तर अजिबात नको, गोळी अंगी लागत नाही. कोणी सांगितलं हे?"

बायको म्हणाली, "मीच खात होते."

बाहेर आल्यावर मुलगी हिंदीतच म्हणाली, "मम्मी, पापा तो अपना गाय को खिला देते थे. मैंने देखा है." बायकोने पर्स उघडून रिक्षासाठी सुटे पैसे काढले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

आता गोळी ती स्वतः घेते, उपाशीपोटी. तब्येत बरीच सुधारली आहे, असं मुलगी सांगते. रविवारी घरात इडल्या होतात. माझ्या ताटातही ती वाढते, चटणी जास्त घालून, मला आवडते तशी. परवा ती कपाळ धरून बसली होती. मी विचारलं, "काय होऊन राहिलं?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि उठून आतल्या खोलीत मुलीकडे गेली.