ढोबळे सरांचा लांबोळका बॉल

मैदानावर फक्कीच्या रेघा मारणारा माणूस मी. रेघा पायांखाली पुसून जातात, किस्से मात्र साचत राहतात. ढोबळे सर आमच्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचे कोच होते, तेव्हाचे तर फारच साचले.

पहिल्याच दिवशी सर तो लांबोळका बॉल घेऊन प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी विचारलं, फुटबॉल आहे तर पोरं हातात घेऊन काहून पळतात? सरांनी बराच वेळ समजावलं. शेवटी प्राचार्य म्हणाले, "समजलं. कबड्डीच आहे, फक्त बॉल जास्तीचा." सरांनी मान डोलावली. नोकरी नवीन होती.

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्या मॅच हरलो. दुसऱ्या वर्षी प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, यंदा एक तरी जिंका, नाही तर मैदानाचं पार्किंग होईल आणि तुम्ही घरी. तेव्हापासून सर शिटीची दोरी चावू लागले. मला हळूच म्हणाले, "काका, बायकोले अजून सांगितलं नाही."

डाव ठरवताना पोरं डोक्याला डोकं लावून गोलात उभी राहतात आणि कुजबुजतात. प्राचार्यांना खिडकीतून वाटलं, पोरं संप करणार. त्यांनी चपराशी पाठवला. तो वाकून ऐकून गेला आणि म्हणाला, "साहेब, डावीकडून घुसू म्हणून राहिले." त्या दिवशी ऑफिसच्या डाव्या दाराला कुलूप लागलं!

समोरच्यांना कळू नये म्हणून सरांनी डावांना आपल्याकडच्या खाण्याची नावं दिली. तर्री, पाटोडी, सांबारवडी. एका सकाळच्या मॅचला पोरं उपाशी आली. कप्तान ओरडला, "तर्री!" आणि अर्धी टीम गेटवरच्या तर्री-पोह्याच्या ठेल्याकडे पाहू लागली. हरलो. सर पोरांना रागावले नाहीत. मला म्हणाले, नाश्ता द्यायले पाहिजे होता गा.

आमच्या टीममधल्या गोलूची आई रामटेकहून आली होती. हेल्मेट, खांद्यावरचे पॅड पाहून ती सरांना म्हणाली, "एवढं बांधून पाठोता, म्हणजे मार खायचं आधीच ठरलं हाय का?" त्या रात्री सरांना झोप लागली नाही म्हणे.

मग शेवटची मॅच आली. तोवर यंदाही एकही जिंकलो नव्हतो. बॉल घेऊन शेवटची रेघ ओलांडली तर मॅच आमची, आणि डाव एकच उरलेला. सरांनी मैदानाकडे पाठ केली. बघवत नाही, काका, तुम्हीच सांगा, म्हणाले. आरडाओरडा दोन्ही बाजूंनी होता, त्यावरून काही कळत नव्हतं. आणि मला बोलायला वेळ लागतो.

"बॉल गोलूकडे आला," मी म्हणालो.

"मग?"

"पळून राहिला."

"काका, लवकर सांगा न!"

"दोघं मागं लागले."

"मग?"

"पडला."

सर मटकन खाली बसले. तोंडातली दोरी सुटली. माझे गुडघे दुखतात, बसायला वेळ लागतो. सावकाश त्यांच्या शेजारी बसलो, पाठीवर हात ठेवला.

"रेघेच्या पलीकडं पडला, सर."